जिथं मरेन तिथंच ठेवा

इस्माईल,

माणूस गेला की त्याला उद्देशून लिहितात, "तू आम्हांला सोडून गेलास." मी तसं लिहिणार नाही. तू आम्हांला सोडून जायचं काम गेली कित्येक वर्षं करतच होतास. सुट्टीवर यायचास, सगळ्यांच्या घरी जेवायचास, खजुराची पाकिटं वाटायचास आणि परत मस्कतला. त्याची आम्हांला सवय झाली होती. या वेळी त्या सवयीचा काही उपयोग झाला नाही.

मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण रेवदंड्याला अर्धवट राहिलं होतं, पुढच्या सुट्टीत पुरं करू असं मी धरून चाललो होतो. तू मधेच निकाल लावून मोकळा झालास. वर त्या निकालाला साक्षीदार कोण, तर मी. तुला मस्कतच्या रेतीत ठेवलं ते माझ्या एका वाक्यावरून. मी ते बोललो नसतो तर तू आज तुझ्या गावात, खाडीकाठच्या कब्रस्तानात, अम्मीच्या शेजारी असतास. रोह्याला मला ओळखणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. पेणला माझ्या गणपतीच्या कारखान्यातल्या पोरींना ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे की नाही, कोणास ठाऊक.

रेवदंड्याला जायची टूम तुझीच. मी तर म्हणालो होतो की सुट्टीचे चार दिवस घरी पडून राहा, भाभीच्या हातचं खा. पण तुझ्या डोक्यात पोर्तुगीज शिरला होता. मस्कतला तुझ्या खोलीपासून थोडं चालत गेलं की समुद्राच्या कडेला डोंगरावर दोन किल्ले दिसतात, ते पोर्तुगिजांनी बांधलेले, हे तुला इतकी वर्षं राहून अलीकडेच कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून तू मोबाइलवर त्या भिंतींचे फोटो पाठवायला लागलास. सकाळी उठावं तर गणपतीच्या ऑर्डरींच्या मधे एक बुरूज. "ह्योच माणूस आपल्याकडं पण बांधून गेलाय रे," तू म्हणालास, "रेवदंडा, कोर्लई. आपण जल्माला आल्यापासून त्या तटातनं एसटीनं आरपार जातोय, कधी उतरून बघितलाय? मुंबईची माणसं येतात, बघून जातात. आपण नुसते ताडगोळे घ्यायला थांबतो."

खरंच होतं ते. म्हणून गेलो आपण. तू, मी आणि सुधाकर.

सुधाकरला या सहलीत वेगळाच रस होता. रोह्याच्या कारखान्यात सारी उमर शिफ्ट केल्यावर त्याने मुलगी नाशिकला दिली, आणि जावयाने त्याला द्राक्षाच्या मळ्यात नेऊन वाईन चाखायला शिकवलं. तेव्हापासून हा गृहस्थ आपल्यात राहिला नव्हता. साध्या चहाचा पण आधी वास घ्यायचा. त्याने गाडीच्या डिकीत तीन बाटल्या घेतल्या होत्या आणि उंच दांड्याचे तीन ग्लास, कंपनीतल्या जुन्या हातमोज्यांत एकेक गुंडाळलेले. "तीन कशाला?" मी विचारलं, "इस्माईल घेत नाय." तर म्हणतो, "नसंल घेत. पण त्याच्यापुढं रिकामा ग्लास तरी असाया पायजे, एकट्यालाच सोडून बसायचा काय?" सुधाकरचं हे असं असतं. त्याचं मन कुठे आहे ते एकदम कळतं.

मला पेणहून घेऊन सुधाकर नागोठण्यावरून रोह्याकडे आला, तर तू फाट्यावर उभा. हातात जुलेखाभाभीने दिलेला डबा, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. डोक्याला ती मस्कतची गोल टोपी. मी लगेच म्हणालो, "आले शेख." तू म्हणालास, "गाडीत बस गप, गणपतीवाल्या." आपण जेमतेम मिसरूड फुटलेले असताना तू दोन हंगाम माझ्या बापाच्या कारखान्यात गणपती घासायला येत होतास, तेव्हापासून आपलं बोलणं हे असंच. तुझ्या हातचा मूर्तीचा कान माझ्या बापाला फार आवडायचा. मस्कतला गेला नसतास तर आज माझा कारखाना अर्धा तुझा असता. हे मी तुला कधी बोललो नाही, कारण तू हसला असतास.

रेवदंड्याला शनिवारी दुपारी पोचलो. तटाच्या आत सगळ्या वाड्या, नारळ आणि सुपारी, आणि त्यांच्या मधेमधे पडक्या कमानी. कुणाच्या विहिरीला चर्चची भिंत टेकलेली, कुणाचं वाळवण पाद्र्यांच्या ओट्यावर. तू एखाद्या घरमालकासारखा हिंडत होतास. उंच मनोऱ्याखाली उभा राहून मान मोडेपर्यंत वर बघितलंस. दगड हाताने चाचपून म्हणालास, "चुना तोच. तिकडं पण असाच. इकडं घाम फुटलेला वाटतो, तिकडं सुका, येवढाच फरक." सुधाकर फोटो काढत होता आणि मी, खरं सांगायचं तर, कंटाळलो होतो. मला भुईवर बसून चेहरे करायची सवय. या पडलेल्या भिंतींना चेहरा नव्हता.

मग त्या चर्चच्या मोकळ्या जागेत, गवतात, तुला ती शिळा सापडली. आडवी, एका कोपऱ्यातून फुटलेली, वर अक्षरं कोरलेली. अर्धी झिजली होती. वाडीवाला म्हणाला की कबरीचा दगड आहे, कुणा गोऱ्याचा, नाव कुणाला वाचता येत नाही. तू खाली बसलास आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवायला लागलास. तुलाही ती येत नव्हती. तरी एकेका अक्षरावर थांबत, शाळेतला मुलगा गिरवतो तसं.

"ह्याच्या घरी कळला तरी असंल काय रे?" तू विचारलंस.

"कळला असंल. जहाज गेल्यावर."

"म्हणजे हा इथं पुरून झाला, गवत उगवला, तोवर त्याची बाय तिकडं जेवान करीत व्हती. त्याच्या नावाचा पण."

मी म्हणालो, चल, ऊन लागतंय. तू उठला नाहीस. टोपी काढून मांडीवर ठेवलीस आणि तसाच बसलास. आपल्या गावात कब्रीवर नाव घालत नाहीत, आपलं माणूस कुठे आहे ते घरच्यांना दगडावरून नाही तर सवयीने ठाऊक असतं, असं काहीतरी बोललास. मला तेव्हा ते लांबण लावणं वाटलं. आता मी ते पुन्हा पुन्हा आठवतो आणि नीट आठवत नाही, याचा मला फार त्रास होतो.

संध्याकाळी वाडीतल्या खोलीच्या पुढच्या पडवीत सुधाकरने आपलं दुकान मांडलं. किल्ल्यात पिऊ या असं त्याचं म्हणणं होतं, पण तटाच्या आत ते बरं नाही असं तू आणि मी दोघांनी एकदम म्हटलं. एक मुसलमान आणि एक गणपतीवाला, वाईनच्या बाबतीत आपलं एकमत झालं ते तेवढंच. सुधाकरने ग्लास धरायचा कसा ते शिकवलं. दांड्याला धरायचा, पोटाला नाही. मग गोल गोल फिरवायचा, मग नाक आत घालायचं, मग एक घोट घेऊन तोंडात खळखळवायचा. मी खळखळवलं तर माझ्या शर्टावर आलं. "काय वास येतो सांग," सुधाकर विचारत होता. मी म्हणालो, "उसाच्या रसाला बुरशी लागल्यासारखा." तो इतका चिडला. म्हणाला, बोरं, जांभळं, ओली माती, लाकूड, असं काहीतरी म्हणायचं असतं.

आणि तू तो रिकामा ग्लास घेऊन, त्यात कोकमाचं सरबत ओतून, दांड्याला धरून, गोल फिरवून, नाक आत घालून म्हणालास, "मला रातंब्याचा वास येतोय. आणि थोडा आमच्या जुलेखाच्या मिठाच्या बरणीचा." सुधाकर हसून खोकायलाच लागला. ती संध्याकाळ इतकी चांगली होती, इस्माईल. तुझ्याशी भांडायला बसलो आहे तरी एवढं म्हणूनच टाकतो. आपण तिघं म्हातारे होऊन असे बसू असं मला वाटलं होतं, आणि बसलो एकदाच.

मग वादाला तोंड फुटलं ते माझ्यामुळे. दुसरा ग्लास झाला होता. मी म्हणालो, बस झालं मस्कत आता. मुली दिल्या, घर झालं, कुणासाठी जातोस? तू म्हणालास, एवढं एक काँट्रॅक्ट. मी म्हणालो, मागच्या वेळी पण एवढं एकच होतं. तू म्हणालास की तिकडे तुला झोप चांगली लागते, एसीची घरघर नसली तर आता गावात झोपच येत नाही. उन्हातान्हात दुसऱ्यांच्या गच्च्यांवर एसी दुरुस्त करणारा माणूस असं बोलतो म्हणून मला राग आला. म्हणालो, "तिकडंच मेलास म्हंजे?"

तू शांतपणे म्हणालास, "मग तिकडंच ठेवायचा. आमच्यात तसंच हाय. जिथं मेला तिथं, लवकरात लवकर. माणसाची ओढाताण करायची नाय."

"आणि भाभी? पोरी? आम्ही? आम्ही कुठं यायचं तुला बघायला? त्या गोऱ्यासारखा कुणीतरी येणार, तुझ्यावर बोट फिरवणार, नाव वाचता येणार नाय."

सुधाकर म्हणाला, सोडा रे हा विषय, ग्लास संपवा, आणि रिकामी बाटली घेऊन उठला. पण तू सोडला नाहीस. पुढे सरकलास आणि म्हणालास, "विलास, तुझे गणपती येतात मस्कतला. मी बघतो ना, दर साली. खोक्यावर पेण लिहिलेला असतो. मी तिथल्या पोरांना सांगतो पण, माझ्या दोस्ताच्या कारखान्यातले असतील. ते तिकडंच बुडवतात, एखाद्या टाकीत नायतर पिंपात. कधी कोण बोलला काय तुला, की ह्यो पेणचा गणपती हाय, ह्याला परत पाठवा, भोगावतीच्या पाण्यातच सोडाया पायजे? नाय ना? देव जिथं पोचला तिथंच विरघळतो. मंग माझ्यातच काय सोना लागलाय?"

मी म्हणालो, "देव दरवर्षी परत येतो. तू येणार हायस काय?"

आयुष्यात पहिल्यांदा मी तुला गप्प केलं होतं, आणि दोन ग्लासांच्या जोरावर मला त्याचा आनंद झाला होता. तू कोकमाचा ग्लास खाली ठेवलास आणि म्हणालास, "जिथं मरंन तिथंच ठेवा मला. खोक्यात घालून आणू नका. येवढा ध्यानात ठेव, विलास." मग पडवीतून उठून वाडीत गेलास. लांब कुठेतरी हातपाय धुऊन, वजू करून नमाज पढून आलास आणि आल्यावर डबा उघडून भाकऱ्या वाढायला घेतल्यास. विषय संपला असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी कोर्लईला चढताना तू सारखा बसत होतास. मी म्हणालो, मस्कतच्या एसीने तुझी छाती गेली. तू म्हणालास, चप्पल चावते. वर पोचल्यावर तू आपल्या कुंडलिकेचं तोंड दाखवलंस, रोह्यावरून येणारं पाणी तिथे समुद्रात मिसळतं. "ह्यो पानी मस्कतलाच जातो सरळ," म्हणालास. सुधाकर म्हणाला, "जात नाय, मधी कराची लागते." आणि आपण उतरलो. घरी येईपर्यंत तू गाडीत झोपला होतास, एसीची घरघर नसताना.

पंधरा दिवसांनी तू मस्कतला गेलास. मी तुला सोडायला आलो नाही, कारण परदेशी जाणाऱ्या मूर्ती आधी निघतात आणि त्या खोक्यांत भरायची माझी घाई चालू होती. तू फोनवर म्हणालास, "तू नको येऊस, गणपती भर." मी गणपती भरले.

मग सुधाकरचा फोन आला. तो नुसता "विलास, विलास" म्हणत होता. मला वाटलं त्याच्याच घरात काही झालं. एका गच्चीवर काम करता करता बसलास आणि उठला नाहीस, असं तिकडच्या पोरांनी कळवलं होतं. मी हात तसेच, मातीचे, रोह्याला आलो.

तुझ्या घरी सगळी जमात जमली होती. दाऊदभाई, तुझा थोरला भाऊ, ओट्यावर बसला होता. त्याच्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर तुझ्या कंपनीचा माणूस. तो एकच विचारत होता. तिकडेच दफन करायचं की पाठवायचं? पाठवायचं तर कागद होईपर्यंत दिवस जातील, पण कंपनी करेल. संध्याकाळपर्यंत सांगा. दाऊदभाई म्हणाला, "पाठवा. माझा भाव माझ्या दारात आला पायजे." कुणीतरी म्हणालं, इतके दिवस बर्फात ठेवायचा मय्यतीला, बरं नव्हं. कुणी म्हणालं, आईच्या बाजूला जागा हाय. सगळे आपापलं बोलत होते, आणि आतल्या खोलीतून, पडद्यामागून, जुलेखाभाभीचा आवाज आला. नवरा गेल्यावर पाळायची तिची इद्दत सुरू झाली होती, ती बाहेर येऊ शकत नव्हती.

"विलासभाऊ आलेत काय?" ती म्हणाली. "त्यांना विचारा. माझ्याशी ह्यातलं कधी बोलला नाय तो. मी बोलाया गेले की म्हणायचा, गप बस गो. त्यांच्याशी कायतरी बोलला असंल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

इस्माईल, माझ्या मनात त्या क्षणी काय होतं ते तुला सांगतो. मला तू हवा होतास. खोक्यातून, बर्फातून, कसाही. मला तुझ्या मागून कब्रस्तानापर्यंत चालायचं होतं. बाहेर उभं राहावं लागलं असतं तरी चाललं असतं. मूठभर माती तुझ्यावर पडताना मला बघायची होती. आणि हे मिळवायला मला काही करायचं नव्हतं, फक्त "मला काही बोलला नाय" एवढं म्हणायचं होतं. इतकं सोपं होतं.

मी म्हणालो, "बोलला. जिथं मरंन तिथंच ठेवा म्हणाला. खोक्यात घालून आणू नका म्हणाला. ध्यानात ठेव म्हणाला."

दाऊदभाईने मोबाइल कानापासून बाजूला केला. "कधी?"

"रेवदंड्याला. आम्ही गेलो व्हतो तेवा."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी तुमी लोक वाईन पीत व्हता ना?"

वाईट हेतूने म्हणाला नाही तो. भावाला घरी आणायची एक वाट उरली होती, ती तो शोधत होता. पण मला झोंबलं. मी म्हणालो, "मी पीत व्हतो, दाऊदभाई. सुधाकर पीत व्हता. तो नव्हता पीत. तिघांत शुद्धीवर तो एकटाच व्हता, आणि जे बोलला ते त्याचं बोलणं हाय, माझं नव्हं."

जमातीतले एक वयस्क चाचा म्हणाले, मग झालं, त्याची वसीयत समजा. दाऊदभाई मोबाइल घेऊन अंगणात गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. तो माझ्या शेजारी बसला, माझ्या हाताची वाळलेली माती बघत राहिला. तो माणूस मला एक वाकडा शब्द बोलला नाही, तेव्हाही आणि नंतरही. एखादा बोलला असता तर बरं झालं असतं.

बोलला तो सुधाकर. तिथून निघताना गाडीत म्हणाला, "तू गप बसला असतास तर तो आला असता." मी म्हणालो, तो स्वतः बोलला होता, तू पण ऐकलंस. सुधाकर म्हणाला, "मी बाटली धुवाया गेलो व्हतो. मी काय ऐकला नाय. आणि ऐकला असता तरी बोललो नसतो." तेव्हापासून त्याचा फोन नाही. त्याचे ते ग्लास अजून माझ्या कारखान्याच्या फळीवर आहेत. रेवदंड्याहून परतताना उतरवून घेतले, ते राहून गेले.

दफनाचा व्हिडिओ तुझ्या खोलीतल्या पोरांनी पाठवला. सुधाकरने न बघता पुसला असं कळलं. मी बघितला. फार बघितला. पांढरी खडबडीत जमीन, गवताचं पान नाही, लांबवर डोंगर, ते पण उघडे. दहाबारा माणसं, त्यातली निम्मी कामाच्या कपड्यांतली, मधल्या सुट्टीत आल्यासारखी. कुणीतरी उन्हासाठी डोळ्यांवर हात धरलेला. तुला खाली घेतलं तेव्हा मोबाइल हलला आणि एकदम आभाळ दिसलं. मग सारख्या केलेल्या रेतीचा एक उंचवटा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तसलेच उंचवटे, ओळीने. मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघतो आणि मला प्रत्येक वेळी खात्री नसते की त्यातला तुझा कोणता.

त्या पोरांचे आभार मानले पाहिजेत. त्यांनी तुला आंघोळ घातली, खांदा दिला, त्यांच्यातला एक तर केरळचा, तुझ्याबरोबर तीनच महिने होता, तो व्हिडिओत रडताना दिसतो. आम्ही जे करायचं ते परक्यांनी केलं आणि चांगलं केलं. मी त्यांना मेसेज लिहायला घेतला, हिंदीत, आणि दोन ओळींच्या पुढे गेलो नाही.

गावात तुझ्यासाठी गायबाना नमाज झाली. माणूस समोर नसताना त्याच्या जनाज्याची पढतात ती. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी गेलो. मशिदीच्या बाहेर चिंचेखाली उभा राहिलो. आत सगळे उभे, आणि पुढे जिथे तू असायला हवास तिथे रिकामी फरशी. फार लवकर आटोपली. मी मनात म्हणत होतो, थोडी लांबवा. आयुष्यभर इतका बडबडणारा माणूस, त्याचं एवढ्यात कसं काय आटपतं?

बाहेर आल्यावर दाऊदभाईने माझा हात धरून घरी नेलं. चहा दिला. मी निघालो तर आतून हाक आली. पडवीतून आतल्या खोलीकडे जो दरवाजा आहे, त्याच्या पडद्यापाशी मी जाऊन उभा राहिलो. तुझी मोठी मुलगी तिच्याजवळ बसली असावी, बांगड्यांचा आवाज येत होता.

"विलासभाऊ," जुलेखाभाभी म्हणाली, "तुमच्यावर माझा राग नाय हां. तुमी खरा सांगितलात. पण एक विचारायचा व्हता. लोकांसमोर विचारला नाय."

"विचारा."

"तो ह्या बोलला तेवा हसत व्हता काय?"

मी दाराच्या चौकटीला हात टेकला.

"त्याला सवय व्हती," ती म्हणाली. "हसत हसत कायपण बोलायचा. मी मेलो की तू दुसरा लगीन कर गो, म्हणायचा. माझ्या मयतीला बिर्याणी घाला, म्हणायचा. त्यातला कायच खरा नसायचा. म्हणून विचारते. मला झोप नाय लागत. वाटतंय, तो मस्करी करीत असंल आणि आमी त्याला खरंच तिकडं टाकला."

इस्माईल, मी जन्मभर चेहरेच करत आलो. एखाद्या मूर्तीचे डोळे केसभर चुकले तर ती हसतेय की रागावलीय ते मला दहा हातांवरून कळतं. तरी मी त्या रात्रीपासून त्या पडवीतला तुझा चेहरा हजार वेळा डोळ्यांसमोर धरला आहे आणि मला अजून त्यातलं खरं कळलेलं नाही. कधी वाटतं, माझ्या उत्तराने गप्प झालास आणि हरायचं नाही म्हणून फेकलंस ते वाक्य. कधी वाटतं, त्या दगडापाशी बसला होतास तेव्हाच ठरवलं होतंस. पण भाभीने ते विचारलं नव्हतं. हसत होता की नाही, तिने एवढंच विचारलं होतं, आणि तेवढं मला पक्कं आठवत होतं.

पडदा मधे होता. तिला मी दिसत नव्हतो.

"नाय, भाभी," मी म्हणालो. "हसत नव्हता. नीट बोलला. अगदी नीट."

आत बांगड्या वाजल्या. मग ती म्हणाली, "मंग बरा झाला. मंग आज झोपंन मी."

मी पेणला परत आलो. ती झोपली असेल. मला झोप येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

तू हसत होतास, इस्माईल. दात दिसेपर्यंत हसत होतास.